पंखा शेवटी लावायचा: होटगी रोडवरच्या एका छोट्या स्मोकरचं प्रकरण

तक्रार एका वाक्याची होती. स्मोकरला, म्हणजे धुरावर मांस शिजवायच्या कोळशाच्या भट्टीला, पंखा बसवल्यापासून तापमान जास्तच भरकटतंय.

ठिकाण सोलापूर, होटगी रोडच्या बाजूची एक बैठी वसाहत. घरातला मुलगा आठवडाभर नोकरी करतो आणि रविवारी ऑर्डरप्रमाणे धुरावर शिजवलेलं मटण विकतो, सोबत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. बोकडाचा खांदा शनिवारी रात्री चढवायचा, रविवारी दुपारच्या आत डबे भरायचे, असा बेत. रात्रीची आग सांभाळायची ती त्याच्या आईनं. दर पाऊण तासाला उठायचं, हवा कमी-जास्त करायला कोळशाच्या दाराशी ठेवलेला विटेचा तुकडा आत-बाहेर सरकवायचा, परत आडवं व्हायचं. हे त्यांना उत्तम जमत होतं. मग एका रात्री डोळा लागला, पहाटे आग मेली आणि सकाळी मटण कोमट सापडलं. शिजत आलेलं मांस ६० अंशांच्या खाली तासन्‌तास पडून राहिलं की ते परत गरम करून विकायचं नसतं. सगळं टाकून दिलं. त्यानंतर ओळखीतल्या एका पोराकडून पंखा आणि तापमान बघून तो चालू-बंद करणारा कंट्रोलर बसवून घेतला, आणि पुढच्याच खेपेला तापमान १९० वर गेलं. खांद्याचं चामडं झालं.

माझं काम अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या डाइंग म्हणजे रंगाईच्या मशीनचे कंट्रोलर दुरुस्त करायचं. भट्टी हा माझा प्रांत नव्हे. पण कंट्रोलर तोच, थर्मोकपल म्हणजे तापमान मोजायची तार तीच, म्हणून बोलावणं आलं. हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण घरी बनवलेल्या स्मोकरला पंखा लावणारे आता बरेच दिसतात आणि बहुतेकांचं गाडं एकाच जागी अडतं.

स्मोकर स्थानिक फॅब्रिकेटरनं बनवलेला. दोन मिलिमीटर एमएस (साध्या पोलादी) पत्र्याचं नळकांडं, व्यास ४० सेंटिमीटर, उंची ७५. खाली कोळशाची जाळीदार टोपली, वर पाण्याचं पातेलं, त्यावर मांसाची जाळी, वर झाकण. झाकणाला धूर जायचं भोक आणि त्यावर सरकती चकती. बाजूला कोळसा घालायचं दार, साधारण २५ बाय २० सेंटिमीटरचं. जीआय पत्रा कुठंच नव्हता हे आधी पाहून घेतलं. आगीजवळ जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वापरू नये, तापला की त्याचा धूर बाधतो. कोळसा वेड्या बाभळीचा. सोलापूरच्या माळावर ही बाभूळ जिकडे तिकडे माजलीय. अमेरिकेत धुरावरच्या मांसासाठी ज्या मेस्किटचं कौतुक होतं, त्याच कुळातलं हे झाड. कोळसा कडक, धग मोठी, सुरुवातीला जरा तडतडतो.

आधी विजेचं

पंखा १२ व्होल्टचा, ५० मिलिमीटरचा छोटा ब्लोअर. कंट्रोलर रेक्स सी-१००, डाइंगवाल्यांच्या ओळखीचा ४८ बाय ४८ चा डबा. त्याआधी या मुलानं स्वतःच स्वस्तातला डब्ल्यू १२०९ मॉड्यूल मागवला होता. तो ११० अंशांपर्यंतच मोजतो. स्मोकर चालवायचा ११५ ते १२० वर, म्हणजे कामाच्या जागेआधीच त्याची पट्टी संपते. तो बाजूला पडला हे बरंच झालं.

कंट्रोलर आणि पंख्याच्या मध्ये एसएसआर होता, म्हणजे सॉलिड स्टेट रिले, हलणारे भाग नसलेला इलेक्ट्रॉनिक स्विच. मी सेट पॉईंट, म्हणजे कंट्रोलरला धरून ठेवायला सांगितलेलं तापमान, मुद्दाम खोलीच्या तापमानाखाली आणला. कंट्रोलरचा आउटपुट दिवा विझला, एसएसआरचा दिवाही विझला, पंखा मात्र फिरतच राहिला. एसएसआरवरचा नंबर पाहिला, शेवटी ‘डीए’. हा एसी लोडचा एसएसआर. त्याच्या आत थायरिस्टर जातीचा स्विच असतो. एकदा चालू झाला की त्यातून जाणारा प्रवाह शून्यावर येईपर्यंत तो बंद होत नाही. एसीमध्ये प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जातो, म्हणून तिथं चालतं. डीसीमध्ये शून्य येतच नाही. त्यामुळे पंखा एकदा सुरू झाला की मुख्य बटण बंद करेपर्यंत चालू. दुकानात एसएसआर मागितला की काउंटरवरून हाच निघतो, कारण नव्वद टक्के गिऱ्हाईक हीटरवालं असतं. बसवणाऱ्या पोराला दोष देण्यात अर्थ नाही, दिवा लागतो-विझतो म्हटल्यावर कुणालाही सगळं ठीकच वाटेल. त्या जागी साधं मॉस्फेट मॉड्यूल, म्हणजे डीसीवर चालू-बंद होणारा ट्रान्झिस्टरचा स्विच, टाकलं. डीसी ते डीसी एसएसआरही चालला असता. मेकॅनिकल रिले टाकू नये, सतत टकटक करून लवकर मरतो.

मुलानं मधल्या काळात आपल्या अंदाजानं ‘पंखा जास्त ताकदीचा आहे’ असं ठरवून ब्लोअरच्या तोंडावर अर्धी चिकटपट्टी लावली होती. ती काढली.

दुसरी भानगड जास्त चकवणारी होती. थर्मोकपल के टाइपचं, तार तोकडी, म्हणून साध्या तांब्याच्या वायरनं वाढवलेली. मुलगा म्हणाला, "काका, उकळत्या पाण्यात टाकून बघितलंय की मी. बरोबर दाखवतंय." आणि खरंच दाखवत होतं. स्वयंपाकघरात ओट्यावर पातेलं ठेवून पाहिलं तर ९८. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर आहे, इथं पाणी ९८-९९ लाच उकळतं, तेव्हा आकडा चोख.

पण थर्मोकपल टोकाचं तापमान मोजत नाही. टोक आणि दुसरी बाजू यांच्यातला फरक मोजतं, आणि दुसऱ्या बाजूचं तापमान कंट्रोलर स्वतःच्या मागच्या स्क्रूजवळ मोजून त्यात मिळवतो. मध्ये तांब्याची वायर आली की ‘दुसरी बाजू’ म्हणजे जिथं जोड मारलाय ती जागा. ओट्यावर जोड खोलीच्याच तापमानाला होता, कंट्रोलरही तिथंच, म्हणून आकडा जुळला. स्मोकरवर तोच जोड झाकणाच्या कडेला लोंबकळत होता. तिथं ६०-६५ अंश, कंट्रोलरच्या डब्यात ३५. झालं, २५-३० अंश कमी दिसणार. पडद्यावर ११५ म्हणजे आत १४० च्या पुढे. झाकण जितकं तापेल तितकी चूक मोठी. पाण्याची परीक्षा ही चूक कधीच पकडणार नाही. थर्मोकपल वाढवायचं तर त्याच जातीच्या एक्स्टेंशन वायरनं, नाहीतर सरळ लांब तारेचं नवीन घ्यायचं. आम्ही दोन मीटर तारेचं, स्टीलच्या जाळीचं वेष्टण असलेलं घेतलं आणि टोक जाळीच्या पातळीवर, मांसापासून चार बोटं दूर बसवलं. झाकणावरचं तापमानाचं गोल घड्याळ काढलं नाही, पण त्याकडे बघायचं नाही असं ठरलं. ते वरच्या पोकळीतली हवा मोजतं, मांसाजवळची नाही.

एवढं झाल्यावर मुलाला वाटलं काम संपलं.

वाऱ्याचा हिशोब

पंखा आता सांगितल्यावर थांबत होता आणि आकडा खरा होता. सेट पॉईंट ११५ ठेवून कोळसा पेटवला. तापमान चढलं, ११० ला पंखा मंदावला, ११५ ला थांबला. १२०. १३०. पंखा थांबलेलाच, आकडा चढता. १५० च्या आसपास तो टेकला आणि तिथंच बसून राहिला. मुलाची आई हे सगळं दाराच्या पायरीवर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "भाऊ, ही विजेवरची फुंकणीच की. फुंकणी थांबवली म्हणून चूल थोडीच विझते?"

नेमकं तेच. डाइंग मशीनला दोन हात असतात. तापवायला वाफेचा व्हॉल्व्ह, उतरवायला थंड पाण्याचा. कोळशाच्या स्मोकरवरच्या पंख्याला एकच हात आहे. तो हवा देऊ शकतो, काढून घेऊ शकत नाही. पंखा थांबलेला असताना आत किती हवा जाते यावर सगळी गोष्ट ठरते, आणि ती हवा पंखा विकत घेताना कुणी मोजत नाही.

म्हणून कागद काढून मुलासमोर हिशोब मांडला. ढोबळच, पण अशा कामात ढोबळ हिशोबही डोळे उघडतो.

या नळकांड्याचा बाहेरचा पृष्ठभाग साधारण १.२ चौरस मीटर. आत ११५, बाहेर ३०, तर पत्र्यातून बाहेर जाणारी उष्णता अंदाजे एक किलोवॉट, वारा असेल तर थोडी जास्त. चांगल्या कोळशाच्या एका किलोत २८ ते ३० मेगाज्यूल असतात. म्हणजे तापमान धरून ठेवायला तासाला सव्वाशे ग्रॅम कोळसा पुरतो. धुराड्यातून जाणारी उष्णता आणि पातेल्यातलं पाणी आटवायला लागणारी उष्णता धरली तर दीडशे ते दोनशे ग्रॅम. एवढा कोळसा जाळायला हवा किती? किलोला आठ ते दहा घनमीटर. म्हणजे दोनशे ग्रॅमला तासाला दोन घनमीटरच्या आत. सगळी हवा कोळशाला भिडत नाही म्हणून तीन धरा.

आता पंखा. ५० मिलिमीटरचा हा ब्लोअर मोकळ्या हवेत तासाला सात-आठ घनमीटर सहज देतो. म्हणजे गरजेच्या दुप्पट-तिप्पट. तापमान चढवायला एवढा जोर बरा, पण त्याहून मोठा पंखा छोट्या स्मोकरला घ्यायची काहीच गरज नाही. कॉम्प्युटरचा १२० मिलिमीटरचा पंखा लावणारे मी पाहिलेत. ते राख उडवतात आणि कोळसा संपवतात.

आणि आता भोकं. पंख्याचा पाईप आतून २५ मिलिमीटरचा, म्हणजे जवळजवळ पाच चौरस सेंटिमीटर. कोळशाच्या दाराचा परीघ ९० सेंटिमीटर. कडेनं एक मिलिमीटर फट धरली तरी नऊ चौरस सेंटिमीटर. दाराची फट पंख्याच्या पाईपच्या जवळजवळ दुप्पट! आणि ती नेमकी आगीच्या पातळीला. वर झाकणाचा परीघ सव्वा मीटर, तिथंही एक मिलिमीटर फट, म्हणजे साडेबारा चौरस सेंटिमीटर. त्यामुळे धुराड्याची चकती मुलगा कितीही काळजीनं अर्धी-पाव करत असला तरी त्याला काही अर्थ नव्हता. झाकणच धुराडं झालं होतं.

दार पूर्ण बंद झालं तरी पंख्याचा पाईप उरतोच. पंखा थांबला तरी पाती काही बूच नव्हेत, त्यांच्यातून हवा जाते. आत गरम हवा, बाहेर गार, उंचीतला फरक साठेक सेंटिमीटर. यातून तयार होणारी ओढ अवघी दीडेक पास्कल. हातालाही कळणार नाही. पण एवढ्या ओढीनं २५ मिलिमीटरच्या उघड्या पाईपमधून तासाला दीड घनमीटरच्या आसपास हवा आत येऊ शकते. आग जिवंत ठेवायला ती जवळजवळ पुरेशी आहे. दाराच्या फटीची भर पडली की १५० का आलं ते कळतं.

मुलगा कागदाकडे बघत राहिला. "मग काका, पंखा कशाला घेतला आम्ही?"

प्रश्न बरोबर होता. ज्या स्मोकरला पंख्याची गरजच पडत नाही, तो पंख्याच्या ताब्यात येऊच शकत नाही. आधी तो इतका बंद करायचा की पंखा काढला तर आग उपाशी राहील. मगच पंखा मालक होतो.

फटी

फटी शोधायला यंत्र लागत नाही. रात्री आत टॉर्च लावून ठेवला आणि बाहेरचा दिवा बंद केला की मोठ्या फटी दिसतात. बारीक फटींसाठी आत थोडा ओला भुसा धुमसवायचा, सगळं बंद करायचं आणि धूर कुठून येतो ते पाहायचं. दार, झाकण, जाळी बसवायच्या बोल्टची भोकं आणि तळाच्या वेल्डिंगमध्ये सुटलेले दोन-तीन टाके, एवढ्या जागा निघाल्या. वेल्डिंगवाल्यानं ते टाके भरून दिले. बोल्टना वॉशर आणि हाय टेम्परेचर सिलिकॉन. हे सिलिकॉन बाहेरून लावायचं, मांसाच्या बाजूनं नाही, आणि नीट वाळल्यावर एक रिकामी भट्टी पेटवून त्याचा वास घालवायचा.

दाराला आणि झाकणाला ग्लास फायबरची दोरी. या बाबतीत सोलापूरकर नशीबवान आहेत. डाइंगसाठी गावात ठिकठिकाणी बॉयलर आहेत, बॉयलरच्या दारांना हीच दोरी लागते, त्यामुळे ती मीटरवर मिळते. घेताना एवढंच बघायचं की जुन्या साठ्यातली अ‍ॅस्बेस्टॉसची नको. दाराच्या आतल्या कडेला पट्टी वेल्ड करून खोबण केली, दोरी त्यात बसवली आणि नुसत्या कडीऐवजी दाबून बसणारा खटका लावला. दोरी दाबली गेली नाही तर तिचा उपयोग शून्य.

मग परीक्षा. आग ११५ वर आणली, पंख्याच्या पाईपला बूच, धुराड्याची चकती बंद. नीट बंद झालेल्या स्मोकरचं तापमान लगेच उतरायला लागलं पाहिजे आणि तासाभरात चांगलं खाली आलं पाहिजे. पहिल्या खेपेला ते १०० च्या आसपास अडकलं. परत धूर करून पाहिला तर झाकणाच्या हँडलचे स्क्रू. ते बंद केल्यावर आग गुदमरली. हा निकाल मिळेपर्यंत मी कंट्रोलरच्या सेटिंगला हात लावू दिला नाही. मुलाला त्याचा राग आला होता. त्याला आकडे बदलायचे होते.

उरला पंख्याचा पाईप. त्याच्या तोंडाशी झडप बसवली. पंखा चालू झाला की हवेच्या जोरानं उघडणारी आणि थांबला की स्वतःच्या वजनानं पडणारी. ऐकायला सोपी, पण तिच्यात एक खोच आहे. झडप सरळ उभी लोंबकळत ठेवली तर नखभर ओढीनंही ती किंचित उघडी राहते, कारण सुरुवातीला तिला अडवायला वजनाचा काहीच जोर नसतो. म्हणून पाईपचं तोंड वीसेक अंश तिरकं कापलं, म्हणजे झडप त्यावर रेलून बसते. पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा, ०.३ मिलिमीटर. थंड पेयाच्या डब्याचा पत्रा आधी घातला होता, तो हलका पडतो आणि ओढीनं फडफडतो. ०.३ चा पत्रा ओढीला दाद देत नाही आणि ब्लोअरला सहज उचलता येतो.

ब्लोअर प्लॅस्टिकचा, म्हणून तो स्मोकरला चिकटवायचा नाही. मध्ये फूटभर लोखंडी पाईप, आणि ब्लोअर आगीच्या पातळीच्या खाली. पंखा थांबलेला असतानाच धोका जास्त असतो, तेव्हा गार हवा वाहत नाही आणि धग पाईपमधून मागं येते. पीव्हीसी पाईपचा विचारही करू नये. पाईपच्या आतल्या तोंडासमोर पत्र्याचा एक तुकडा आडवा वेल्ड केला, नाहीतर हवेचा झोत एकाच जागी कोळशावर बसतो, तिथं खड्डा पडतो आणि राख उडून मटणावर. आधीच्या खेपांना डबा उघडल्यावर मटणावर जी करडी पूड दिसायची, ती मसाला नव्हती.

आकडे

या कंट्रोलरला ऑटो ट्यून आहे, म्हणजे सेटिंगचे आकडे तो स्वतःच काढतो, आणि सगळे तेच दाबतात. वॉटर बाथला किंवा हीटरला ते छान चालतं. कोळशाला नाही. ऑटो ट्यून करताना कंट्रोलर पंखा पूर्ण चालू करतो, सेट पॉईंट ओलांडला की पूर्ण बंद, असे झोके देऊन आकडे काढतो. पण प्रत्येक पूर्ण झोक्यात जास्त कोळसा पेटतो. म्हणजे मोजमाप चालू असतानाच मोजायची वस्तू बदलते. शिवाय चढायला दहा मिनिटं आणि उतरायला तास, अशा एकांगी वागणुकीचा सरासरी आकडा काढून हाती काय लागणार?

म्हणून हातानं. पी म्हणजे प्रपोर्शनल बँड २० अंश, जेणेकरून सेट पॉईंटच्या खूप आधीच पंखा मंद व्हायला लागेल. आय, म्हणजे रेंगाळलेली चूक कंट्रोलरनं किती वेळात भरून काढायची तो आकडा, कारखान्यातून २४० सेकंद येतो, तो ९०० केला. हा आकडा लहान ठेवला की कंट्रोलर अधीर होतो. तापमान दोन अंश कमी आहे म्हणून हवा वाढवत जातो, आणि कोळसा ऐकायला वेळ लावतो तोवर गरजेपेक्षा जास्त पेटलेला असतो. डी, म्हणजे तापमान किती वेगानं बदलतंय त्याला दिलेलं उत्तर, शून्य, कारण पाण्याचं पातेलं, वारा, टपकणारी चरबी यांनी आकडा सतत हलत असतो आणि डी त्या प्रत्येक हलण्याला उत्तर द्यायला जातो. सायकल टाइम, म्हणजे पंख्याच्या एका चालू-बंदचा मिळून वेळ, १० सेकंद. दोन सेकंद ठेवला तर ब्लोअरला वेग घ्यायच्या आतच बंद व्हायची वेळ येते आणि झडप उघडतच नाही.

झाकण उघडण्याचा प्रश्न कंट्रोलरला कळत नाही. झाकण उघडलं की तापमान ७० वर, कंट्रोलर घाबरून पूर्ण पंखा, वरून उघड्या झाकणाची ओढ. दोन मिनिटं मटण उलटवलं तर पुढचा अर्धा तास भडका. महागड्या तयार कंट्रोलरमध्ये झाकण उघडल्याचं ओळखून पंखा थांबवायची सोय असते. इथं मी एक साधं टॉगल बटण पंख्याच्या वायरमध्ये टाकलं. आधी बटण बंद, मग झाकण. बंद करून चार-पाच मिनिटांनी चालू. पहिल्या दिवसापासून ताईंनी, म्हणजे मुलाच्या आईनं, हे बिनचूक पाळलंय, मुलगा अजून विसरतो.

आणि पेटवण्याची पद्धत बदलली. पूर्वी सगळा कोळसा आधी लाल करून मग मटण चढवायचे. दोन किलो कोळसा एकदा लाल झाला की तो खाली आणणं कुठल्याही पंख्याच्या हातात नाही. आता टोपलीत कोरा कोळसा भरायचा, मोठे तुकडे खाली, बारीक चुरा बाजूला, आणि वर मधोमध सहा-सात निखारे. तापमान हळूहळू चढू द्यायचं. आग वरून खाली, गरजेपुरती सरकते. धुराड्याची चकती एक तृतीयांश उघडी ठेवायची. ती पूर्ण बंद केली की धूर आत साचतो आणि मटणाला कडू, डांबरासारखी चव येते.

रात्र

डिसेंबरच्या एका शनिवारी खरी परीक्षा झाली. दहा वाजता ११५ ला पोचलं, पहाटेपर्यंत १११ ते ११९ च्या मध्ये राहिलं. मधल्या वेळात पंखा बहुतेक काळ थांबलेलाच होता. चालायचा तेव्हाही सायकलमधला थोडासा वेळच. मला यातच समाधान वाटलं. पंखा सतत चालतोय म्हणजे कोळसा संपत आलाय किंवा राखेनं टोपली बुजलीय.

दोन वाजता मुलाचा फोन आला. स्मोकर ठीक होता, पण मटणाच्या आतला आकडा ६८ वर अडकून तासभर हललाच नव्हता आणि त्यानं सेट पॉईंट १३५ केला होता. मांस ६५ ते ७५ च्या दरम्यान असं अडकतंच. पृष्ठभागावरून पाणी उडून जातं आणि जितकी उष्णता आत जाते तितकीच ते घेऊन जातं. त्यात पंख्याचा काही संबंध नाही. सेट पॉईंट परत ११५ वर आणायला सांगितलं. घाई असेल तर खांदा फॉइलमध्ये गुंडाळायचा, बाष्प उडणं थांबतं आणि आकडा पुढे सरकतो. खांदा ९० च्या पुढे गेला की मऊ पडतो. रविवारी डबे वेळेवर गेले.

वीज गेली तर काय, हे ताईंनी विचारलं होतं, मुलानं नाही. या रचनेत वीज गेली की पंखा थांबतो, झडप पडते, आग हळूहळू दबते. भडका होत नाही, एवढं चांगलं. पण मटण परत कोमट होण्याचा धोका आहेच. घरातल्या इन्व्हर्टरवर एक सॉकेट दिलं. कंट्रोलर आणि ब्लोअर मिळून एका एलईडी बल्बपेक्षा जास्त खात नाहीत. शिवाय ९५ च्या खाली गेलं की वाजणारा बझर कंट्रोलरच्या अलार्मला जोडला आणि तो ताईंच्या खोलीत लावला. आता त्या आगीसाठी उठत नाहीत, वाजलं तरच उठतात.

एक गोष्ट मी हट्टानं बदलायला लावली. पावसाळ्यात हा स्मोकर मागच्या पत्र्याच्या खोलीत, दार ओढून चालवत असत. धुमसत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, आणि आग दाबून चालवली की तो जास्तच निघतो. म्हणजे आपण जितकं चांगलं नियंत्रण करू तितका हा धोका वाढतो. स्मोकर आता चारी बाजूंनी मोकळ्या पडवीत आहे, वर पत्रा, बस. वाऱ्याच्या बाजूला सिमेंटच्या पत्र्याचा आडोसा केलाय, धुराड्यावर थेट झोत आला की ओढ बिघडते.

खर्च म्हणाल तर मॉस्फेट मॉड्यूल, थर्मोकपल, दोरी, सिलिकॉन आणि वेल्डिंग मिळून आधीच्या कंट्रोलर-पंख्याच्या खर्चाहून कमीच आला. सगळ्यात महाग होती मजुरी, कारण खोबण करायला वेळ लागतो.

काही गोष्टी अजून चालू आहेत. झडपेवर आणि पाईपच्या तोंडावर धुराचं डांबर चढतं आणि झडप चिकटते, तेव्हा दर दोन-तीन भट्ट्यांनी ती गरम असताना फडक्यानं पुसावी लागते. ग्लासची दोरी दाराच्या खालच्या कोपऱ्यात आताच काळी पडून दबलीय, वर्षभरात बदलावी लागेल. आणि हे सगळे आकडे डिसेंबरचे आहेत. मे महिन्यात इथं दुपारी ४२-४३ होतं, रात्रीही पत्रा गार पडत नाही. तेव्हा बाहेर जाणारी उष्णता कमी, म्हणजे कोळसाही कमी लागणार आणि पंख्याला आणखी थांबून राहावं लागणार. उरलेली बारीक गळतीही तेव्हा जास्त वाटेल. त्यासाठी कोरा कोळसा तेवढाच ठेवून निखारे चारच टाकायचे आणि धुराड्याची चकती पाव उघडी, असं सांगून ठेवलंय. पी तेव्हा २५ करावा लागेल असा माझा अंदाज आहे.

मुलाला आता फोनवर तापमान दिसायला हवंय आणि शेजारी दोनशे लिटरच्या ड्रमचा दुसरा स्मोकर हवाय. फोनचं पुढे बघू. ड्रमला ब्लोअर हाच चालेल. फॅब्रिकेटरला मात्र दाराची खोबण आधीच करून द्यायला सांगितलीय, आणि झाकण बसवल्यावर ड्रम आधी माझ्याकडे आणायचा.